मागच्या सीटवरचं बोलणं

आम्हाला लडाखला जायचं नव्हतं. हे मी मोबाइलच्या पडद्याला किती वेळा मोठ्याने सांगितलं असेल, देव जाणे. हेल्मेटमध्ये बसवायच्या बिनवायरच्या हेडसेटची माहिती काढायला बसलं, की प्रत्येक व्हिडिओत एक दाढीवाला पोरगा बर्फाच्या डोंगरापुढे उभा राहून सांगायचा, की अख्ख्या ग्रुपला हा सेट उत्तम, पुढची गाडी दोन वळणं पलीकडे असली तरी आवाज खणखणीत येतो. मला दोन वळणं पलीकडे कोणाशीच बोलायचं नव्हतं. मला माझ्या नवऱ्याशी बोलायचं होतं आणि तो माझ्यापुढे वीतभर अंतरावर बसलेला असायचा. वीतभर अंतरासाठी कोणता सेट घ्यावा, हे सांगणारा दाढीवाला काही मला भेटला नाही.

नवऱ्याशी बोलायला यंत्र कशाला लागतं, असं कोणी विचारेल. विचारणाऱ्याने एकदा आमच्या घरी येऊन राहावं. आम्ही कळसाडीला राहतो, एकत्र. घर चांगलं स्लॅबचं आहे, गळत-बिळत नाही, पण आमच्या खोलीचं दार उघडतं ते थेट हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये सासऱ्यांची कॉट, सासूबाईंची पाट टाकून बसायची जागा, टीव्ही, आणि टीव्हीपुढे मोठे दीर, जाऊबाई आणि जो कोणी आला असेल तो. खोलीत मी खोकले तर हॉलमधून कोणीतरी 'हळद घे' म्हणतं. अशा घरात माझ्या नवऱ्याच्या तोंडाला कायमचं कुलूप. वडील माणसांसमोर बायकोशी बोलायचं नाही हे तो कोणी न शिकवता शिकलेला. चहा हवा असेल तरी तो हवेत बघून 'चहा' म्हणतो, आणि तो मी करायचा हे मी समजून घ्यायचं. कागदावर मी त्याला 'तो' म्हणते आहे. समोर 'तुम्ही'शिवाय कधी बोललेली नाही आणि चारचौघांत तर नुसतं 'हे'.

आमचा सगळा संसार बोलला गेला तो मोटारसायकलवर. मी शहाद्याला एका कॉलेजच्या ऑफिसात, प्रवेशाच्या खिडकीवर. त्याचं शहाद्यातच ठिबकच्या नळ्या आणि पंपांचं दुकान. सकाळी एका गाडीवर जायचं, संध्याकाळी एका गाडीवर यायचं. गावाच्या तोंडाशी पार आहे. त्या पारावर मोठे सासरे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, बसलेले असतात. पार येईपर्यंत डोक्यावर पदर आणि तोंड बंद. पार मागे पडला की पदर खांद्यावर आणि माझी टकळी सुरू. ऊस, केळी, कापूस, पुन्हा ऊस, साखर कारखान्याच्या ट्रॉल्या, आणि मी बोलतेच आहे. लेकीची ॲडमिशन, जाऊबाईंचे टोमणे, ऑफिसातला साहेब, सगळं त्याच रस्त्यावर. एकदा आम्ही डोंगरातल्या काठी गावच्या होळीला गेलो होतो, तेव्हा घाट चढताना तर मी इतकं बोलले की वर पोचल्यावर घसा बसला. तो 'हं' म्हणायचा. कधी मान हलवायचा. मला तेवढं पुरायचं.

बोलायची ती डाव्या कानात. साडी नेसलेली बाई गाडीवर एका बाजूला बसते, आणि ती बाजू डावीच असते. पाय ठेवायची पट्टी डावीकडे, साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी डावीकडे. उजवीकडे सायलेन्सर, पोटरी भाजून घ्यायची असेल तर खुशाल बसा. गाडी बनवणाऱ्यांनीच परस्पर ठरवून टाकलंय, बाईने नवऱ्याच्या कुठल्या कानात बोलायचं ते. ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणं आमच्या गावात अजून लेकींना चालतं, सुनांना नाही.

मागच्या वर्षी लेक शिकायला नाशिकला गेली आणि घर मला खायला उठलं. माणसं कमी होती म्हणून नव्हे, माझं म्हणावं असं तिथे काही उरलं नाही म्हणून. पहाटेपासून सगळ्यांच्या भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, धावत गाडीवर बसायचं, संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल. पन्नाशीकडे झुकलेय मी. वाटलं, शहाद्याला एखादी खोली असावी. आपल्याला हवं तेव्हा खिचडी टाकावी, गाऊनवर बसून पेपर वाचावा. खूप दिवस मनात घोळवलं आणि एका संध्याकाळी, कारखान्याच्या पुढे, त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "शहादाले ऱ्हावाले जाऊत का आपन? इचार करीसन सांगा."

तो लगेच म्हणाला, "हं."

मला इतका आनंद झाला की पुढचा सगळा रस्ता मी पडदे कुठल्या रंगाचे लावायचे तेच बोलत होते. त्यालाही तो 'हं' म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी बहिणीला फोनवर सांगितलं, खोलीत दार लावून, हळू आवाजात. आमच्या घरात हळू आवाज जास्त लांब जातो. रात्रीच्या जेवणाआधी सासऱ्यांनी, घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, नवऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, शहादाले ऱ्हावाले जानं म्हने? तू हो म्हनेल शे का?"

"मी काहीच म्हनेल नही," तो म्हणाला.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं. टीव्हीवरच्या बाईनेसुद्धा माझ्याकडेच पाहिलं असं मला वाटलं. मी खोटारडी ठरले होते. नवऱ्याच्या नावावर घर फोडायला निघालेली. आणि हा माणूस खाली मान घालून ताट पुढे ओढत होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घाबरला, वडिलांपुढे शेपूट घातली, मला तोंडघशी पाडलं, हेच मी धरून चालले. त्यानंतर गाडीवर मी अवाक्षर बोलले नाही. बसायचं, उतरायचं. त्यालाही काही फरक पडलेला दिसेना, याचा राग वेगळाच.

खरी गोष्ट उघडी पडली ती फोनमुळे. एका संध्याकाळी तो दोन्ही हातांनी पंप उघडून बसला होता. लेकीचा फोन आला म्हणून मी फोन त्याच्या डाव्या कानाला लावला. ती पलीकडून 'बाबा, बाबा' करत होती, मला ऐकू येत होतं, आणि तो म्हणाला, "कोनीच बोलत नही." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो हसून तिच्याशी बोलायला लागला. मी तिथेच उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, डावा कान गेल्यातच जमा आहे, बऱ्याच महिन्यांपासून गेला असणार. उजवा ठणठणीत. बाहेर येऊन मी त्याला विचारलं, ऐकूच येत नव्हतं तर हं कशाला म्हणत होतात? त्याने जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला.

"तुन्हं बोलनं सरनं का तू खांदावर थापटस," तो म्हणाला. "थापटं का मी हं म्हनस."

खरंच होतं. वाक्य संपलं की त्याच्या खांद्यावर थापटायची मला सवय, मला स्वतःलाही माहीत नसलेली. आणि हा माणूस त्या थापेला हुंकार देत होता. शहाद्याच्या खोलीला, पडद्यांच्या रंगाला, सगळ्याला. मी विचारलं, "मंग माले सांगाले काय व्हतं?" त्याने नुसते खांदे उडवले. वडिलांसमोर तो खोटं बोलला नव्हता, हे मला पटलं. त्यामुळे राग कमी झाला का? मुळीच नाही. राग फक्त कुठे ठेवावा ते कळेना.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकीच होतं. शहाद्याला जायचं की नाही? त्याच्या तोंडून, त्याच्या मनातलं, हॉलच्या बाहेर. मला तेवढंच हवं होतं. हो तर हो, नाही तर नाही.

कानाचं मशीन घेतलं. ते घरात छान चालायचं, पण घरात बोलायची सोय नव्हती, आणि त्या रात्रीनंतर तर सगळ्या घराचे कान आमच्या खोलीकडे लागलेले. गाडीवर हेल्मेट घातलं की मशीन शिट्टी मारायचं. हेल्मेट काढून चला म्हणायची माझी छाती नव्हती. त्याच्या मामेभावाचं डोकं फुटल्यापासून मीच शपथ घालून त्याला ते घालायला लावलं होतं.

मग मी म्हटलं, रस्त्यात गाडी थांबवून बोलू. केळीच्या एका मळ्यापाशी थांबलो. मी नुसतं "ऐका," म्हणाले, तोच एक दूधवाला कचकन ब्रेक मारून थांबला. "काय व्हयनं दादा, पेट्रोल सरनं का?" नाही म्हणून त्याला वाटेला लावलं, तर ट्रॅक्टरवाला खाली उतरून प्लग बघायला लागला. मागून आमच्या गावचा एक गृहस्थ आला, तो पान्हे घेऊनच आला. गाडी चांगली आहे हे कोणाला पटेना. चांगली गाडी बाजूला घेऊन नवरा-बायको रस्त्यावर कशाला उभे राहतील? आमच्याकडे माणसं फार चांगली आहेत. इतकी चांगली, की दोन माणसांना एकटं सोडत नाहीत. हॉटेलात चहाला बसलो तर मालकच येऊन टेबलाशी बसला, ठिबकच्या नळ्यांचं विचारायला.

हेडसेटची कल्पना मला एसटी स्टँडसमोर सुचली. औषधं विकणारा एक माणूस हेल्मेट घालून मोटारसायकलवर बसला होता आणि एकटाच हसत, मान हलवत बोलत होता. मला आधी त्याची दया आली. मग हेल्मेटच्या कडेला लावलेली काळी डबी दिसली, तोंडापुढे आलेला माइकचा दांडा दिसला, आणि मी मनात म्हटलं, हेच. याचा आवाज दोन्ही कानांत येतो. डावा गेला तर गेला, उजवा आहे ना!

शहाद्याच्या मोबाइलच्या दुकानात मी दोन मागितले. दुकानदार म्हणाला, "दोन कशाला मॅडम? गाणी चालवणाऱ्याने ऐकायची." मी म्हटलं, गाणी नकोत, बोलायचंय. "बोलणं होतं ना, एकदम क्लिअर," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर आपल्या भावाला फोन लावून बोलून दाखवलं. मी दोन घेतले. घरी नेऊन गोठ्याच्या मागे उभं राहून ते एकमेकांना जोडायला लागलो. माझा निळा लुकलुकायचा, त्याचा लाल. त्याचा निळा झाला की माझा लाल. आतली इंग्रजी बाई सारखी 'डिस्कनेक्टेड' म्हणायची, इतक्या थंडपणे की तिला ओढून बाहेर काढावंसं वाटे. शेवटी कळलं, हे सेट फक्त आपापल्या फोनला जोडले जातात. एकमेकांशी त्यांचं काही नातं नाही. दुकानदार दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मग मॅडम, एकमेकांना फोन करा ना."

आणि आम्ही तेही केलं. एकाच गाडीवर, वीतभर अंतरावर बसून, मी पुढच्या माणसाला फोन लावला. माझा आवाज आभाळात कुठेतरी जाऊन त्याच्या कानात पडेपर्यंत तो गतिरोधक ओलांडून गेलेला असायचा. मी 'शहादा' म्हणायची, तो थोड्या वेळाने दचकायचा. ऊस दाट झाला की नेटवर्क गायब. आणि घरी पोचलो तर दारातच मोठे दीर उभे, "दोन्हीस्ना फोन बिझी! एका गाडीवर बठीसन कोनशी बोली ऱ्हायनात तुम्ही?" जाऊबाई आतून कान देऊन. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातपाय धुवायला निघून गेला. मला वाटलं दोन्ही डब्या उखळात घालून कुटाव्यात.

पण मी हट्टाला पेटले होते. पुन्हा ते बर्फातले दाढीवाले बघायला सुरुवात केली, या वेळी पेन्सिल घेऊन अभ्यासाला बसल्यासारखं मन लावून. आपल्याला जे हवंय त्याला इंटरकॉम म्हणतात आणि ते जोडीनेच घ्यायचं असतं, एवढं त्यांच्याकडून कळलं. पुढे मात्र माझे प्रश्न आणि त्यांची उत्तरं यांची गाठच पडेना. पावसात चालतो, बॅटरी दिवसभर टिकते, गाणं आणि नकाशा एकदम ऐकू येतो. अहो, पण अंबाडा घातला तर हेल्मेट बसतं का? पदराचं काय करायचं? याविषयी कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

एका रविवारी बाजाराचं निमित्त सांगून आम्ही नंदुरबारला गेलो. तिथे सीट कव्हर आणि हेल्मेटचं एक जुनं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. मालक वयस्कर, पांढरी दाढी, बोलायला गोड. जोडीचे सेट होते त्यांच्याकडे. त्यांनी कौतुकाने विचारलं, "कहाँ तक का टूर है, भाभी?"

"शहादा," मी म्हटलं.

त्यांना ते कमी वाटलं असावं. पण त्यांनी सेट काढले, दोन्ही हेल्मेटांत बसवले. नवऱ्याचं तोंडापर्यंत बंद हेल्मेट होतं, त्यात माइक आत चिकटला. मला पुढून उघडं हेल्मेट घ्यावं लागलं. बंद हेल्मेट घालताना अंबाडा, पिना आणि माझा जीव तिन्ही अडकत होते. अंबाडा सोडून वेणी मानेवर सोडली तेव्हा कुठे ते उघडं डोक्यावर बसलं. माझा माइक दांड्यावर, तोंडापुढे. आरशात पाहिलं तर मी मलाच ओळखलं नाही. मालकांनी नवऱ्याला दुकानाबाहेर रस्त्यापलीकडे उभं केलं आणि मला म्हणाले, बोला. मी म्हटलं, "ऐकू येस का?" पलीकडून तो म्हणाला, "येस. बराबर येस." किती महिन्यांनी माझ्या बोलण्याला थापेशिवाय उत्तर मिळालं होतं. माझे डोळे भरून आले. मालकांनी सौजन्याने पाठ फिरवून सीट कव्हरं नीट लावायला घेतली.

मी ठरवलं, प्रश्न घाईने विचारायचा नाही. शहर मागे पडू दे, प्रकाशा गावचा पूल येऊ दे, खाली तापीचं पाणी दिसलं की विचारायचं. गाडी निघाली. आणि पहिल्यांदा मला नवरा ऐकू आला.

हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. इतकी वर्षं मी बोलत होते आणि तो पुढे तोंड करून, नाकावर रुमाल बांधून बसलेला. मला त्याचा मोठ्याने म्हटलेला 'हं' तेवढा ऐकू यायचा. आता कळलं की हा माणूस गाडीवर सतत बोलतो. स्वतःशीच. खड्ड्याला शिवी देतो, ट्रकवाल्याला 'जाय भो, जाय' म्हणतो, एखाद्या शेतातला कापूस बघून 'मस्त शे' म्हणतो, मध्येच सुस्कारा सोडतो. इतक्या जवळ बसून मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

पुलावर मी विचारलं. तो म्हणाला, "काय?"

मी पुन्हा विचारलं. "नुसता वारा येस," तो म्हणाला. "घोंऽऽ करस निस्ता. परत सांग."

मी ओरडले. माझ्या ओरडण्याने शेजारून जाणारा रिक्षावाला दचकला. माझ्या नवऱ्याला वारा ऐकू येत होता. त्याचं मला सगळं स्वच्छ येत होतं, माझं त्याला काही नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हे यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात मागे बसणारा माणूस समोर तोंड करून, पुढच्याच्या पाठीच्या आडोशाला बसतो. मी बसते आडवी. माझं तोंड केळीकडे आणि माइक वाऱ्याच्या वाटेत. म्हणजे इतका शोध, इतके दाढीवाले, दोन दुकानं, सोडलेला अंबाडा, सगळं माझ्या एका बसण्यापाशी येऊन आपटलं. मी मान पुढे वळवून पाहिली, मानेला रग लागली. माइकवर हात धरला तर तोल जायला लागला. त्याचं चालूच होतं, "काही समजस नही. राहू दे. घर जाईसन सांग."

घर जाईसन! मी बोलणंच सोडलं. शहादा आलं, गेलं. उसाच्या ट्रॉल्या आल्या, गेल्या. माझ्या कानात त्याचा श्वास चालू होता आणि मला तो ऐकायचा नव्हता.

गाव जवळ आलं. पार दिसला, पारावर मोठे सासरे दिसले. हात आपोआप वर गेला. हेल्मेट असो की मुकुट असो, पार आला की पदर. मी पदर हेल्मेटवरून ओढला, तो सरकू नये म्हणून हनुवटीखाली पुढे घेऊन मुठीत धरला, आणि जे मनात होतं ते पुटपुटले, "दगड शे निस्ता. दगडमांगे बसनं मन्हा नशीबमा."

"दगड नही शे मी," कानात आवाज आला.

मी दचकले. गाडी हळू झाली होती म्हणून असेल असं वाटलं, पण मग कळलं, पदर. पदराचे दोन पदर माइकवर आले होते आणि वारा अडला होता. जिथे मी जन्मभर गप्प बसत आले, नेमका तिथेच माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला होता.

"ऐकू येस?" मी विचारलं.

"येस. पन मोठा बाबा देखी ऱ्हायनात."

"देखू द्या. त्यास्ले काय ऐकू येस?" मी म्हटलं. मोठ्या सासऱ्यांनी हात वर केला, नवऱ्याने हात वर केला, मी मान लववली, आणि पदराआडून, त्यांच्या अगदी समोरून जाताना विचारलं, "शहादाले ऱ्हावाले जाऊत का? आते तरी खरं सांगा."

नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. गल्ली आली, आमचं अंगण आलं. त्याने गाडी स्टँडला लावली. नेहमी तो आधी हेल्मेट काढतो. या वेळी काढलं नाही. म्हशीकडे गेला, माझ्याकडे पाठ करून तिच्यापुढचा चारा उगाच सारखा करायला लागला. ओट्यावर सासरे पेपर वाचत होते, सासूबाई तूर निवडत होत्या, जाऊबाई दारात. मी पदर तसाच मुठीत धरून तुळशीपाशी उभी राहिले.

"माले नही जानं शे," कानात आवाज आला.

मिळालं उत्तर. हवं होतं ना? "कसाले?" मी विचारलं. "दादास्ना भ्याव वाटस?"

"दादास्नं काही नही." तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "तठे गऊत ते तू ऑफिसले पायी जाशी. मंग मन्हा मांगे कोन बसनार शे?"

असा राग आला मला. माझी खोली, माझी खिचडी, माझं एवढंसं मागणं, आणि त्यापुढे या माणसाने काय आणून ठेवावं, तर मागची सीट. मला रडू येत होतं आणि राग जात नव्हता, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "तुम्हले ते काही ऐकूच येत नव्हतं."

"दोन्ही भूतनासारखा काय उभा शेतस?" सासूबाई ओट्यावरून ओरडल्या. "काढा ना ते डोकावरनं!"

"हात ते व्हता ना खांदावर," तो म्हणाला.

सासूबाईंनी पुन्हा हाक मारली. मी "काढस," म्हणाले आणि हेल्मेट न काढता तिथेच उभी राहिले.